उष्णतेच्या लाटेत चालण्याचा सराव: पहाटे की संध्याकाळी?

पायाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर ‘आता थोडं थोडं चालवा’ म्हणतात आणि नेमकी तेव्हाच उष्णतेची लाट येते. भर दुपार बादच, उरते पहाट आणि संध्याकाळ. आईच्या घोट्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही दोन्ही वेळा पाळून पाहिल्या. पायावर भार किती द्यायचा, वॉकर कसा धरायचा हे तुम्हाला फिजिओथेरपिस्टने सांगितलंच असेल, म्हणून इथे फक्त वेळेबद्दल.

संध्याकाळच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सांधे दिवसभरात मोकळे झालेले असतात, कामावरची माणसं घरी आलेली असतात, आधाराला कुणी ना कुणी असतं. पहाटे घोटा आखडलेला असतो आणि पहिली काही पावलं आईला अगदी नकोशी व्हायची. त्यात दुखण्याची गोळी लागू पडायला वेळ लागतो, आणि अशा बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. म्हणजे आधी उठवा, थोडं खाऊ घाला, गोळी द्या आणि मग वाट पाहा. सोबतच्या माणसाची झोप यात जातेच.

उन्हाचं गणित मात्र पहाटेच्या बाजूचं. हवा सर्वांत गार असते ती सूर्योदयाच्या सुमारास. संध्याकाळी ऊन उतरलं तरी भिंती, गच्ची, डांबर दिवसभर साठवलेली उष्णता बराच वेळ सोडत राहतात. शिवाय उष्म्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पायांना सूज येते, दुखावलेल्या पायाला जास्तच. संध्याकाळी बुटाचे पट्टे सैल बांधूनही आईला ते काचायचे. (सूज एकाच पायावर अचानक वाढली आणि पोटरी दुखू लागली, तर वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.)

तरीही माझा कौल ठरला तो पाण्यावरून. संध्याकाळी चालून घाम गेला की पाणी प्यायलाच हवं, आणि नेमकं तेव्हाच आई भरलेला पेला परत द्यायची. रात्री उठावं लागेल, ही धास्ती. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायचं, त्यासाठी झोपलेल्या कुणाला तरी हाक मारायची, हे तिच्या जिवावर यायचं. उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. त्यात तिने ठरवूनच घोट मोजायला सुरुवात केली. सकाळी लघवी गडद पिवळी, उभं राहताना चक्कर. हाड जुळत असताना चक्कर येऊन पडणं किती महागात जाईल, हे काही वेगळं सांगायला नको. समजावून झालं, आग्रह झाला, रोज रात्री तोच वाद. चालणं पहाटेवर आणलं आणि तो वाद जवळजवळ मिटला. चालून आल्यावर ती आपणहून पाणी मागायची, कारण पुढे सगळा दिवस उजेडाचा आणि माणसं जागी. दुपारी तसंही पडून राहायचं असतं, तेव्हा पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवता येतो. सूजही आम्हाला कमी वाटली, अर्थात मोजमाप काही केलं नाही.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या माणसाला रात्रभर ठणक्याने झोप नसेल आणि पहाटे कुठे डोळा लागत असेल, तर त्याला उठवू नका, असंच मी म्हणेन. हाड जुळायला झोपही लागते. अशा वेळी संध्याकाळ धरा, पण उशिराची, घरातल्या घरात, आणि खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवून. रात्रीची धास्ती तेवढ्यानेही बरीच कमी होते. एरवी मी पहाटच निवडेन, आणि तपासणीची वेळ घेतानाही सकाळची पहिलीच मागेन.