एसी लोकलचे दार: काम चोख, गर्दीपुढे अपुरे

मुंबईच्या उपनगरी गाडीला आपोआप बंद होणारे दार पहिल्यांदा मिळाले ते २५ डिसेंबर २०१७ रोजी. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेली पहिली वातानुकूलित लोकल त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून चर्चगेटकडे धावली, आणि साहजिकच सगळी चर्चा गारव्याची व तिकिटाच्या दराची झाली. त्या गाडीतली खरी नवलाई मात्र दार ही होती. साध्या लोकललाही सरकते दार असते, पण ते बाराही महिने उघडेच ठेवलेले असते आणि ते ओढून लावण्याचा विचार भर पावसाखेरीज कोणाच्या मनात येत नाही. एसी लोकलच्या दाराने चढण्याची, उतरण्याची आणि उभे राहण्याची रीतच बदलली. त्यामुळे हे परीक्षण गारव्याचे नसून केवळ दाराचे आहे.

दाराचा ताबा शेवटच्या डब्यातील गार्डकडे असतो. (२०२२ पासून या पदाचे अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर झाले असले, तरी फलाटावर अजून गार्डच म्हणतात.) गाडी थांबल्यावर फलाटाच्या बाजूची सर्व दारे एकदम उघडतात, सुटण्यापूर्वी इशारा वाजतो आणि दोन्ही झडपा मध्यभागी येऊन मिळतात. सर्व दारे बंद झाल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी हलू नये, अशी मोटारींच्या वीजपुरवठ्याशी दारांची सांगड घातलेली असते. या व्यवस्थेचे बळ आणि तिची अडचण दोन्ही यातच आहेत. बारा डब्यांपैकी एका दारात एकाच्या पाठीवरची बॅग अडकली, तर त्या एका बॅगेसाठी हजारो प्रवासी जागच्या जागी खोळंबतात. गर्दीच्या वेळी हे दृश्य जवळून पाहण्यासारखे असते. झडपा जवळ येतात, कोणाच्या तरी खांद्याला टेकतात, आतले लोक श्वास रोखून अर्धे पाऊल मागे सरकतात, बॅगेचा पट्टा कोणीतरी आत ओढतो आणि रबरी कडा अखेर एकमेकींना भिडतात. जाणूनबुजून दारात पाय देऊन मित्राची वाट पाहणारे महाभागही असतात. त्यांच्यावर कोणत्याही यंत्राकडे उपाय नाही.

शिस्तीच्या बाबतीत या दाराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. साधी लोकल चर्चगेटला शिरते तेव्हा ती थांबण्याआधीच खिडकीच्या जागेसाठी आत उड्या पडतात. एसी लोकलमध्ये गाडी पूर्ण थांबेपर्यंत दार उघडतच नाही, त्यामुळे चालत्या गाडीतली ही कसरत मुळातच संपते. उतरताना मात्र नव्या प्रवाशाने थोडे सावध राहावे. उघड्या दारातून बाहेर डोकावून फलाट कोणत्या बाजूला येणार हे पाहण्याची सोय इथे नाही. घोषणा ऐकून योग्य बाजूला आधीच सरकावे लागते, आणि दादरसारख्या स्थानकात ज्याने ही तयारी केलेली नसते तो पुढच्या स्थानकावर उतरतो. पावसाळ्यात दाराजवळ उभे राहूनही अंग कोरडे राहते, ही गोष्ट छोटी वाटली तरी जून ते सप्टेंबर रोज कचेरीत जाणाऱ्याला तिची किंमत विचारावी.

सुरक्षिततेबद्दल वाद होण्याचे कारणच नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेल्या काही वर्षांत दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत. त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी धावत्या गाडीतून पडणाऱ्यांची संख्याही शेकड्यांत असते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले आणि किमान चार जण दगावले, तेव्हा बंद दाराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यानंतर रेल्वे बोर्डाने मुंबईसाठीच्या सर्व नव्या गाड्यांना स्वयंचलित दारे बसवण्याचे आणि धावत असलेल्या गाड्यांची रचनाही त्या दृष्टीने बदलण्याचे जाहीर केले. बंद दारातून माणूस पडत नाही, हे सिद्ध करण्यासाठी कोणत्याही समितीची गरज नव्हती.

खरा पेच गर्दीच्या गणिताचा आहे. उघडे दार हे साध्या लोकलमध्ये नुसते येण्याजाण्याचे तोंड नसते, ती प्रवासाची जागाही असते. प्रत्येक दारात काही माणसे निम्मी आत व निम्मी बाहेर असतात. दार बंद करायचे म्हणजे त्या सर्वांना आत तरी घ्यायचे किंवा फलाटावर तरी ठेवायचे. आत जागा नसते, म्हणून ते फलाटावर राहतात. पुढची गाडी दोन मिनिटांत आली तर प्रश्न सुटतो, पण पुढची एसी गाडी बऱ्याच वेळाने असेल आणि मधल्या साध्या गाड्या आधीच भरून येत असतील, तर दाराने वाचवलेला धोका मागच्या गाडीच्या दारात जाऊन लटकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलन केले, तेव्हा त्यांचा राग वातानुकूलनावर नव्हता, साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी एसी फेऱ्या घातल्याबद्दल होता. मध्य रेल्वेला तेव्हा नव्याने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ५ मे २०२२ पासून एसीचे एकेरी तिकीट जवळजवळ निम्म्यावर आल्याने या गाड्यांना गर्दी होऊ लागली, हे खरे असले तरी साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासवर गुजराण करणाऱ्याला ते दार अजूनही महागच पडते.

याच शहरात मेट्रोची दारे इतकी सुरळीत का चालतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वर्सोवा ते घाटकोपर मार्गावर जून २०१४ पासून दारे निमूटपणे उघडतात व मिटतात. आरे ते कफ परेड या भुयारी मार्गिकेवर तर फलाटाच्या कडेलाही पूर्ण उंचीची काचेची दारे आहेत, त्यामुळे रुळांवर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. मेट्रोवर एकाच घडणीच्या गाड्या ठरलेल्या खुणेवर थांबतात आणि त्यांना दुसऱ्या कोणत्या गाडीशी वाटणी करावी लागत नाही. लोकलच्या मार्गावर बारा डब्यांची, पंधरा डब्यांची, एसी आणि साधी अशा गाड्या एकामागून एक येतात, आणि काही फलाटांवर लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. प्रत्येकीची दारे वेगळ्या ठिकाणी येत असताना फलाटाला काचेची भिंत कुठे घालणार? म्हणून मेट्रोचा दाखला देऊन लोकलच्या दाराला नापास करणे योग्य नाही.

वंदे भारतच्या दारांविषयी थोडक्यात सांगायचे तर ती अधिक दणकट आहेत, त्यांच्याबरोबर बाहेर सरकणारी पायरी आहे आणि थांबेही कमी असल्याने त्यांच्यावर रेटा येत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून सोलापूर व शिर्डीला या गाड्या सुटतात. पोहोचवायला आलेल्या नातेवाइकांनी मात्र निरोप फलाटावरूनच द्यावा. सामान लावून देण्यासाठी आत शिरलेला मनुष्य दार मिटल्यावर पुढच्या थांब्यापर्यंत प्रवासी होतो.

राहता राहिली हवा. बंद दाराच्या एसी डब्यात खिडक्याही उघडत नाहीत, त्यामुळे वातानुकूलन यंत्रणा मंदावली की भरल्या डब्यात जीव घाबरा होतो. दाराजवळ आणीबाणीत हाताने दार उघडण्याची सोय असते, परंतु ती विनाकारण वापरल्यास गाडी रखडते आणि मागच्या साऱ्या फेऱ्यांचे वेळापत्रक कोलमडते. बिनवातानुकूलित गाडीला बंद दार लावण्यातही हीच मुख्य अडचण होती. मुंब्र्यानंतर जाहीर झालेल्या आराखड्यात त्यावर तीन उपाय सांगितले आहेत: हवा खेळण्यासाठी झरोक्यांची दारे, छतावरून बाहेरची हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून जोडमार्ग. तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गर्दी गाडीभर सारखी नसते. जिन्यासमोरचा डबा ठासून भरलेला असताना टोकाच्या डब्यात उभे राहायला जागा सापडते.

दुपारच्या वेळी किंवा गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्यांनी, लहान मुले सोबत असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी एसी लोकल जरूर निवडावी, दार त्यांची उत्तम काळजी घेते. सकाळी ऐन गर्दीत मधल्या स्थानकावर चढणाऱ्यांनी वेळापत्रकात लागोपाठच्या दोन एसी फेऱ्यांतील अंतर पाहूनच पास काढावा. झरोक्यांच्या दारांची परीक्षा रिकाम्या गाडीच्या चाचणीत घेऊन भागणार नाही. ती मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमारास, डोंबिवलीहून भरून निघालेल्या जलद लोकलमध्येच घ्यावी लागेल.