कंपनीचा सायलेन्सर, स्लिप-ऑन की फुल सिस्टिम?

दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलला रेसिंगचा सायलेन्सर बसवू पाहणाऱ्यापुढे प्रत्यक्षात चार पर्याय असतात: मूळ सायलेन्सर ठेवणे, फक्त मागचा डबा बदलणारा स्लिप-ऑन घेणे, इंजिनपासूनच्या बेंड पाइपसह सगळेच बदलणारी फुल सिस्टिम बसवणे, किंवा बुलेटवाल्यांत चालणारा ‘इंदौरी’, ‘पंजाब’ यांसारखा सायलेन्सर लावणे. यातील चौथा पर्याय लगेच बाद करावा, कारण आतील पडदे काढून टाकल्याने त्यात वाढतो तो केवळ आवाज.

उरलेल्या तिघांत पहिला प्रश्न ताकदीचा. रेसिंगची फुल सिस्टिम इंजिन सर्वाधिक फेऱ्यांवर (आरपीएम) असताना धूर मोकळा जावा म्हणून आखलेली असते, आणि तिचा फायदाही तिथेच दिसतो. मागे माणूस व पुढे टाकीवर खताचे पोते घेऊन वणी किंवा दारव्ह्याच्या बाजूच्या खड्ड्यांतून जाणारी गाडी बहुतेक वेळ कमी-मध्यम फेऱ्यांवरच चालते. तिथे फार मोकळ्या पाइपमुळे खेच उलट थोडी घटू शकते. नुसत्या स्लिप-ऑनने मिळणारी वाढ चालवणाऱ्याला क्वचितच जाणवते. वजन मात्र खरोखर कमी होते, आणि माझ्या मते मूळ सायलेन्सरविरुद्धचा तोच एकमेव भक्कम मुद्दा आहे.

दुसरा प्रश्न इंधनाचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांचा मेळ घातलेला असतो. कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये असेल तर स्लिप-ऑनने तो शाबूत राहतो; काही मॉडेलांत तो सायलेन्सरच्या डब्यातच असतो, तेव्हा आपल्या गाडीत तो नेमका कुठे आहे हे आधी पाहावे. रेसिंगच्या फुल सिस्टिममध्ये तो सहसा नसतोच. शिवाय पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेन्सरकडे न पाहता आधीच ठरवलेल्या प्रमाणाच्या तक्त्याप्रमाणे (मॅप) पेट्रोल सोडतो, त्यामुळे मोकळ्या पाइपबरोबर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन अधिक तापते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना चंद्रपूरकडच्या रस्त्यावर हे परवडत नाही. यावरचा उपाय म्हणजे डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हा मॅप नव्याने बसवणे (रीमॅप). तालुक्याच्या गॅरेजमध्ये तो होत नाही, म्हणून त्याचा आणि मोठ्या शहरापर्यंतच्या खेपांचा खर्च सिस्टिमच्या किमतीतच धरावा.

आवाजाबाबत ग्रामीण भागातील अडचण शहरापेक्षा वेगळी आहे. मोकळ्या पाइपमधले फटाके थ्रॉटल सोडताच, न जळलेले पेट्रोल गरम नळीत पेटल्याने वाजतात. आणि थ्रॉटल आपण सोडतो तो नेमका कास्तकाराच्या बंडीजवळून हळू जाताना, म्हणजे बैल बुजण्याच्या अंतरावर. वाळलेल्या गवतावर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी गाडी लावताना उघडी तापलेली नळी हाही धोकाच आहे.

कायदा यात फारशी सवलत देत नाही. भारतात दुचाकी बनतानाची आवाजाची मर्यादा 80 ते 175 सीसीसाठी 77 डेसिबल, तर त्यापुढे 80 डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाज व प्रदूषणाच्या मानकांच्या उल्लंघनाबद्दल पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. कलम 182अ(4) मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकासाठी दर बदलामागे 5,000 रुपयांचा दंड आहे. पाइपवर युरोपची ‘ई’ खूण असली तरी ती तिकडच्या नियमांची.

म्हणून रोज शेत, बाजार आणि तालुका करणाऱ्याने मूळ सायलेन्सरच ठेवावा, आणि फुल सिस्टिम केवळ ट्रॅकवर नेण्याच्या वेगळ्या गाडीसाठी घ्यावी. कायद्याची जोखीम समजूनही स्लिप-ऑन घ्यायचाच असेल, तर डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारी आतली छोटी नळी, स्क्रूने पक्का बसतो का, आतले आवाज शोषणारे ग्लास वूल बदलता येते का आणि क्लॅम्प मूळ ब्रॅकेटवर वेल्डिंगविना बसतो का, हे पाहावे. जोडावर नवी गॅस्केट घालावी, आणि पहिल्या फेरीनंतर पाइप थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा कसावेत. काढलेला सायलेन्सर भंगारात देऊ नये. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवताना तोच लागेल.