नाताळची खोली, चार हजारांची आगाऊ रक्कम आणि न येणारा रिफंड

नाताळच्या आठवड्यात दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्लीला खोली मिळता मिळत नाही. फसवणारे नेमकी हीच घाई हेरतात, त्यामुळे सहलीचे पैसे बरेचदा घर सोडण्याआधीच जातात.

फोनमधल्या ऑनलाइन नकाशावर नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर दिसतं. फोटो खऱ्या घराचे, फोन नंबर मात्र बदललेला. कारण नकाशावरच्या नोंदीत दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं. फोनवरचा माणूस गोड बोलतो. एकच खोली उरलीय, तासाभरात चार हजार टाका. ते गेले की दुसरा फोन येतो : बुकिंग चुकून दोनदा झालंय, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केल्यावर पिन मागितला जातो आणि रिफंड येण्याऐवजी आणखी आठ हजार जातात. यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे घरातल्या सगळ्यांना, वयस्कर माणसांना तर आवर्जून, सांगून ठेवा. बुकिंगची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका; असलं अ‍ॅप फोनवरचे ओटीपी वाचू शकतं.

आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉल लावून खोलीपासून फाटकापर्यंत चालत दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात काही वाटत नाही. त्याच गावातल्या एखाद्या खानावळीला फोन करून विचारलंत तर आणखी उत्तम. कोकणात कुणाच्या घरी खोल्या आहेत ते अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. ते मालकाचं किंवा घरच्या कुणाचं नसेल तर तिथेच थांबा.

किनाऱ्यावर रेंज जाते-येते. त्यामुळे पैसे कापले गेले, पण समोरच्याला पोचले नाहीत, असं होतं. घाबरून नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथेही खोटे नंबर असतात. तक्रार अ‍ॅपमधूनच करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम आपोआप परत यायला हवी : व्यक्तीला पाठवलेली दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत. जेटीवर, मासळीबाजारात शंभर-दोनशेच्या नोटा जवळ ठेवा. यूपीआयला वेगळं खातं जोडा आणि त्यात दोन दिवसांपुरतेच पैसे ठेवा, पगाराचं खातं नको.

फसलात तर उद्यावर टाकू नका, लाज तर अजिबात बाळगू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. चोरलेली रक्कम पटापट एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते. ती काढली जाण्याआधी नोंद झाली तरच बँक ती गोठवू शकते. व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, समोरचा नंबर आणि यूपीआय आयडी हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. मग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. गुहागरला असताना पैसे गेले म्हणून तक्रारीसाठी पुण्याला परत यावं लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार हद्द कुठलीही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.