निघायचं की थांबायचं? सीरियातले कुर्द आणि अमेरिकेच्या माघारीच्या दोन बाजू

6 ऑक्टोबर 2019 हा रविवार होता. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि तुर्कस्तानचे अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन फोनवर बोलले, आणि त्याच रात्री व्हाइट हाउसनं पत्रक काढलं की तुर्की फौजा उत्तर सीरियात शिरणार आहेत आणि अमेरिकी जवान त्या भागातून बाजूला होतील. 9 तारखेला तल अब्यद आणि रास अल-ऐन या सीमेवरच्या गावांवर बाँब पडायला लागले. पाच वर्षं अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून इसिसशी लढलेले कुर्द त्या बाँबखाली होते.

या प्रकरणावर आजही दोन तट आहेत. तुम्हाला यात बाजू ठरवायची असेल, मग ती वादविवाद स्पर्धेसाठी असो की मित्रांच्या कट्ट्यावरच्या भांडणासाठी, तर दोन्ही बाजूंचं उत्तम ते आणि लंगडं ते शेजारी ठेवून पाहावं लागेल.

"परत या" म्हणणाऱ्यांचं

या बाजूला स्वार्थी ठरवून मोडीत काढणं सोपं आहे, पण तिचा पाया चांगलाच पक्का आहे. अमेरिका आणि सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस (एसडीएफ), म्हणजे इसिसशी लढणारी कुर्दांच्या नेतृत्वाखालची आघाडी, यांच्यात संरक्षणाचा कसलाही करार नव्हता. तुर्कस्तानशी मात्र होता. तुर्कस्तान 1952 पासून नाटो या परस्पर संरक्षणाच्या लष्करी आघाडीत आहे. एसडीएफचा कणा असलेली वायपीजी ही कुर्दांची संघटना तुर्कस्तानातल्या पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेच्या मुशीतून निघालेली. पीकेकेनं तुर्की सरकारविरुद्ध 1984 मध्ये शस्त्र उचललं, त्या संघर्षात सुमारे 40,000 माणसं गेली, आणि खुद्द अमेरिकेनं 1997 मध्ये पीकेकेला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. म्हणजे नाटोतल्या मित्राच्या वैऱ्याच्या सख्ख्या भावाला अमेरिका बंदुका देत होती. एप्रिल 2016 मध्ये सिनेटच्या सुनावणीत सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांना या संबंधांवरून खोदून खोदून विचारलं, तेव्हा कार्टर यांना ते मान्य करावे लागले. (गंमत म्हणजे साडेतीन वर्षांनी माघारीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज लावणाऱ्यांत हेच ग्रॅहम होते.)

दुसरा मुद्दा कायद्याचा, आणि माझ्या मते या बाजूचा हाच हुकमी पत्ता. सीरियात फौज ठेवायला अमेरिकी काँग्रेसनं वेगळी मंजुरी कधी दिलीच नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर त्या हल्लेखोरांविरुद्ध जो ठराव झाला, तोच ताणून ताणून सीरियापर्यंत आणला होता. 23 मार्च 2019 रोजी बागूझ हे इसिसच्या ताब्यातलं शेवटचं गावही पडलं. ज्या कामासाठी गेलो ते झालं. आता दोन शेजाऱ्यांच्या जुन्या वैरात मध्ये उभं राहायला कुणी सांगितलं, हा प्रश्न रास्त आहे.

तरी ही बाजू घेणार असाल तर दोन खड्डे सांभाळा. पहिला म्हणजे, "न संपणारी युद्धं संपवली" असं म्हणू नका. सीरियाच्या सीमेवरून निघालेले जवान घरी गेले नाहीत. बरेचसे पश्चिम इराकमध्ये गेले. तुर्की हल्ला सुरू होऊन दोन दिवस होतात न होतात तोच सौदी अरेबियात जादा फौज पाठवण्याची घोषणा झाली. शिवाय पूर्व सीरियातल्या देइर अझ-झोरच्या तेलविहिरींपाशी काही शे जवान थांबलेच. दुसरा खड्डा ट्रम्प यांनी स्वतःच खणला: कुर्द दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला मदतीला आले नव्हते, असं ते बोलून गेले. हा मुद्दा समोरच्याच्या हातात आयतं कोलीत आहे.

"थांबा" म्हणणाऱ्यांचं

यांची गोष्ट कोबानीपासून सुरू होते. 2014 च्या सप्टेंबरात इसिसनं तुर्की सीमेला चिकटून असलेल्या या कुर्द शहराला वेढा घातला. पलीकडच्या टेकड्यांवर तुर्की रणगाडे उभे होते आणि नुसते पाहत होते. ऑक्टोबरात अमेरिकेनं विमानातून शस्त्रं टाकली, वरून बाँबहल्ले केले, आणि जानेवारी 2015 च्या अखेरीस इसिसला तिथून हुसकावलं गेलं. त्यापुढची साखळी म्हणजे 2016 मध्ये मनबिज, 2017 मध्ये रक्का आणि 2019 मध्ये बागूझ. जमिनीवरची लढाई एसडीएफनं लढायची आणि आकाश अमेरिकेनं सांभाळायचं, अशी वाटणी होती. एसडीएफच्या हिशेबानं त्यांची सुमारे 11,000 माणसं यात गेली. अमेरिकेचे जवान मोजकेच. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण इथं आठवणारच.

पण ही बाजू घेणाऱ्यानं निव्वळ भावनेवर भिस्त ठेवू नये. त्याहून वजनदार पुरावा हाताशी आहे. इसिसचे सुमारे 10,000 लढवय्ये एसडीएफच्या तुरुंगांत होते, आणि अल-होलच्या छावणीत 70,000 च्या आसपास माणसं, बहुतेक बायका-मुलं. पहारा एसडीएफचाच. पहारेकरी तुर्कांशी लढायला सीमेवर गेले तर तुरुंग कोण सांभाळणार? 13 ऑक्टोबरला ऐन इसा छावणीतून इसिसशी संबंधित शेकडो लोक निसटले. आणि मग 26 ऑक्टोबरची रात्र. अमेरिकी कमांडोंनी इदलिबमधल्या बारिशा गावात इसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी याला गाठलं. एसडीएफच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या हेरानं बगदादीची चड्डी पळवून आणली होती, डीएनए जुळवून खात्री करण्यासाठी. वाऱ्यावर सोडल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ज्यांची माहिती इतकी कामाला आली, त्यांना ओझं म्हणणं कठीण आहे.

या बाजूची लंगडी जागा एकच, पण मोठी: किती दिवस? तारीख कुणी सांगत नाही. तुर्कस्तानची भीती ओसरेपर्यंत, दमास्कसमध्ये नवं सरकार येईपर्यंत, कुर्दांना स्वायत्तता मिळेपर्यंत? अशा अटींवर थांबलं की घोंगडं भिजतच राहतं. शिवाय एसडीएफच्या हाताखालचा बराचसा मुलूख, रक्का आणि देइर अझ-झोरसह, अरबबहुल होता. तिथल्या लोकांना कुर्द नेतृत्वाच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या. "मित्राच्या बाजूनं थांबणं" म्हणजे त्या मित्राच्या प्रत्येक दाव्यामागे उभं राहणं, असा अर्थ हळूहळू होत जातो. तुर्कस्तानात 36 लाख सीरियन निर्वासित होते आणि एर्दोआन यांच्यावर घरच्या जनतेचा दबाव होता, हेही या बाजूच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही.

ऑगस्टमध्ये काय झालं

दोन्ही तट ऑक्टोबरवर भांडतात. मला निर्णायक वाटतो तो त्याआधीचा ऑगस्ट.

तुर्कस्तान हल्ल्याची धमकी देत होता, म्हणून ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिका आणि तुर्कस्तान यांनी सीमेवर सुरक्षापट्ट्याची एक व्यवस्था ठरवली. कुर्दांना सांगण्यात आलं की तुर्कांचा संशय दूर व्हायचा तर सीमेवरची तुमची मोर्चेबंदी पाडा, जड शस्त्रं मागे न्या. त्यांनी ते केलं. तल अब्यद आणि रास अल-ऐनच्या पट्ट्यात एसडीएफनं स्वतःची तटबंदी स्वतःच्या यंत्रांनी उकरून काढली, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या देखत. अमेरिकेचे आणि तुर्कस्तानचे जवान तिथं एकत्र गस्तही घालू लागले. सहा आठवड्यांनी अमेरिकी जवान बाजूला झाले, आणि तुर्कांचा हल्ला नेमका याच पट्ट्यात झाला.

म्हणून नुसत्या निघून जाण्याला मी दगा म्हणणार नाही. कोणत्याही देशाला आपले जवान परत बोलावण्याचा हक्क आहे. पण आपल्या शब्दावर विसंबून ज्यानं आपली ढाल खाली ठेवली, त्याला त्याच जागी उघडं टाकून जाणं, याला मराठीत केसानं गळा कापणं म्हणतात. सुमारे दोन लाख माणसं घरदार सोडून पळाली. 21 ऑक्टोबरला अमेरिकी गाड्यांचा ताफा कामिश्ली या कुर्द शहरातून जाताना लोकांनी त्यावर बटाटे फेकले. हीच माणसं आदल्या वर्षांत याच गाड्यांना हात हलवून दाखवत होती.

मागच्या वेळी कसे निघाले होते

कुर्दांना हा अनुभव नवा नव्हता. 1972 पासून अमेरिका आणि इराणचा शहा इराकमधल्या मुस्तफा बारझानींच्या कुर्दांना छुपी मदत करत होते. 6 मार्च 1975 रोजी शहानं आणि सद्दाम हुसेननं अल्जीअर्समध्ये समझोता केला आणि मदत एका झटक्यात बंद झाली. लाखाहून अधिक कुर्द इराणात पळाले. पुढच्या वर्षी फुटलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीच्या अहवालात जे होतं ते वाचून अंगावर काटा येतो: कुर्दांनी जिंकावं असं मदत देणाऱ्यांना मुळात वाटतच नव्हतं, इराकला दमवण्यापुरतेच ते हवे होते. बारझानी 1979 मध्ये वॉशिंग्टनमध्येच वारले.

1991 चं उदाहरण नेमकं उलटं. आधी सद्दामविरुद्ध उठाव करा असं सुचवून अमेरिका हात बांधून बसली, दहा लाखांहून जास्त कुर्द डोंगरांत थंडीनं गारठले. पण एप्रिलमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या फौजा उत्तर इराकमध्ये उतरल्या. जमिनीवरचे जवान जुलैपर्यंत निघूनही गेले. मागे राहिली ती तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक तळावरून उडणारी लढाऊ विमानं आणि 36 व्या अक्षांशाच्या उत्तरेला इराकी विमानांना असलेली बंदी, थेट 2003 पर्यंत. त्या छताखाली कुर्दांची निवडणूक झाली, स्वायत्त सरकार उभं राहिलं. त्यात भेगाही होत्या. 1996 मध्ये एका कुर्द गटानंच दुसऱ्याविरुद्ध सद्दामची फौज एर्बिलमध्ये बोलावली. तेव्हा अमेरिकेनं आपल्यासाठी काम केलेल्या हजारो कुर्दांना कुटुंबांसह उचलून पॅसिफिकमधल्या ग्वाम या आपल्या बेटावर नेलं. सैन्य काढूनही माणसं सांभाळता येतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. "परत या" वाल्यांनी हा वापरावा. ते वापरत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण श्रीलंकेचं. 1987 मध्ये गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे 1,200 जवान तिथं पडले. मुंबईत जन्मलेले, 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये फौज परतली. श्रीलंकेचं सरकारच "जा" म्हणत होतं, त्यामुळे परतणं बरोबरच होतं. पण भारताच्या पाठबळावर ईशान्य प्रांतात सत्तेत बसलेल्या ईपीआरएलएफ या तमिळ पक्षाचं काय? मुख्यमंत्री वरदराज पेरुमाल यांना भारतात आणावं लागलं, घाईघाईनं उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी लिट्टेनं चिरडली, आणि पक्षाचे नेते पद्मनाभ यांना त्याच जूनमध्ये लिट्टेनं मद्रासमध्ये येऊन मारलं. अमेरिकेला शहाणपण शिकवताना हे पान उलटून पुढे जाऊ नये.

मग कोणती बाजू?

मला विचाराल तर मी "परत या" च्या बाकावर बसेन, पण 2019 च्या माघारीचं समर्थन करणार नाही. क्रम चुकला होता. फौज तिथं असते तोवर मित्राच्या हातात सौदा करायला काहीतरी असतं. ती निघाली की उरते फक्त विनवणी. कुर्द नेते 2018 च्या उन्हाळ्यात दमास्कसशी बोलणी करायला गेले होते, तेव्हा पूर्वेकडचा मोठा मुलूख त्यांच्याकडे होता. त्या वेळी त्यांच्या पाठीशी उभं राहून काहीतरी पदरात पाडून द्यायला हवं होतं. घडलं उलटंच: फेब्रुवारी 2019 मध्ये तिथल्या मोहिमेचे प्रमुख जनरल पॉल लाकॅमेरा यांनी जाहीर सांगितलं की सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद किंवा त्यांचा पाठीराखा रशिया यांच्याशी हातमिळवणी केलीत तर आमची मदत थांबेल. म्हणजे स्वतः थांबायचं नाही आणि दुसऱ्याकडेही जाऊ द्यायचं नाही. अखेर 13 ऑक्टोबरला, तुर्की रणगाडे आत आल्यावर, एसडीएफला असदशी समझोता करावा लागला तो पडेल भावात.

"थांबा" चा बाक निवडणार असाल तर हेच दुसऱ्या टोकानं मांडा. असद पडल्यानंतर 10 मार्च 2025 रोजी एसडीएफचे प्रमुख मझलूम अब्दी आणि सीरियाचे अंतरिम अध्यक्ष अहमद अल-शरा यांनी एसडीएफला राज्ययंत्रणेत सामावून घेण्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा अमेरिकी जवान अजून सीरियातच होते. समोरचा विचारेल, सहीनंतरही अंमलबजावणी रखडली, मग तिच्यासाठी त्यांनी आणखी किती वर्षं बसायला हवं होतं? त्याचं उत्तर तारखेसकट तयार ठेवा.