सात महिन्यांनी टूलबारवर उरली नऊ बटणं

वंशावळ शोधायला बसलं की एका नावामागे पंधरा टॅब उघडतात आणि तासाभराने आपण मुळात कोणाला शोधत होतो तेच आठवत नाही. म्हणून सात महिन्यांपूर्वी ब्राउझरमध्ये स्वतःचा टूलबार बांधला. पूर्वी फुकट डाउनलोड करायला मिळायचे आणि गुपचूप होमपेज बदलून टाकायचे, तसला नव्हे. फायरफॉक्सची बुकमार्कची पट्टी असते ना, कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की दिसणारी, तीच कामाला लावली.

पहिल्या आठवड्यात हावरटपणा केला. चाळीसेक बटणं. बुकमार्कचं नाव पुसलं की नुसतं चिन्ह उरतं आणि जागा वाचते, हे कळल्यावर तर विचारूच नका. मग दोन हिरवी चिन्हं सारखीच दिसायला लागली आणि दर वेळी नको तेच दाबलं जाऊ लागलं. आता नऊ बटणं आहेत, तीही दोन-तीन अक्षरी नावांसकट.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फॅमिलीसर्च या जुन्या कौटुंबिक नोंदी जमवणाऱ्या संस्थेच्या कॅटलॉगचं बटण. आधी मी नावाने शोधायच्या पानाचं लावलं होतं आणि काही मिळालं नाही की नोंदच नाही असं धरून चालत होते. या संस्थेने मायक्रोफिल्मची सुमारे २४ लाख रिळं स्कॅन करण्याचं काम २०२१ मध्ये संपवलं, पण स्कॅन होणं वेगळं आणि नावांची सूची होणं वेगळं. सूची नसेल तर नाव टाकून ते पान कधीच सापडणार नाही. कॅटलॉगमध्ये गावाच्या नावाने शिरायचं आणि पुस्तकासारखी पानं उलटायची. कंटाळवाणं आहे, पण माझ्या तीन अडलेल्या पिढ्यांपैकी दोन अशाच सुटल्या.

साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच खूण देणारा संकेत, काढून देणारं बटणही ठेवलंय. आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे तीन आकडे, ही १९१८ सालच्या पेटंटवरून आलेली पद्धत. स्पेलिंगचे घोळ पुष्कळ पकडते, पण पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. कारकुनाने सी-ऐवजी के लिहिला असेल तर संपलं. तिथे दोन्ही अक्षरांनी वेगवेगळं शोधावंच लागतं.

आता माझं लाडकं बटण. पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची एक ओळ भरलेला बुकमार्क. दाबला की पानाचं शीर्षक, पत्ता आणि आजची तारीख कॉपी होते. मी ती वहीवजा फाइलमध्ये चिकटवते आणि पुढे ‘सापडलं’ किंवा ‘नाही’ लिहिते. ‘नाही’च जास्त. पण चार महिन्यांनी तेच रजिस्टर पुन्हा उघडायला निघाले तेव्हा या फाइलने हात धरला. बाकीची आठ बटणं गेली तरी चालतील, हे नको.

तक्रारी आहेतच. काही संकेतस्थळांच्या सुरक्षा नियमांमुळे हे बटण दाबून काहीच होत नाही, तिथे हातानेच लिहायचं. एका संकेतस्थळाने पत्त्यांची रचना बदलली आणि थेट शोधाची माझी तीन बटणं एका रात्रीत मेली. दुरुस्तीला अख्खी दुपार गेली. लॉगिन संपलेलं असलं की बटण हव्या त्या पानाऐवजी पासवर्डच्या दारात नेऊन उभं करतं. आणि फोनवर ही पट्टीच नाही, बुकमार्क मेनूत जाऊन शोधावे लागतात. त्यामुळे फोनवर मी फक्त वही वाचते, शोध लॅपटॉपवरच.