ब्लास्ट की पीफॅम? नव्या प्रथिनाचं काम ठरवताना

हातात नुसता अमिनो आम्लांचा क्रम असला की बहुतेकांचा हात आधी ब्लास्टकडे, म्हणजे आपला क्रम डेटाबेसमधल्या क्रमांशी जुळवून बघणाऱ्या साधनाकडे, जातो. त्यात वावगं काही नाही. स्विसप्रॉटमध्ये (तज्ज्ञांनी तपासलेल्या प्रथिनांचा डेटाबेस) प्रयोगाने तपासलेलं जवळचं प्रथिन असेल, साम्य 60 टक्क्यांच्या वर असेल आणि दोन्ही क्रम टोकापासून टोकापर्यंत जुळत असतील, तर सहसा तिथेच थांबावं.

घोळ होतो तो अर्धवट जुळणीत. आयएमपी डिहायड्रोजनेज घ्या. सुमारे 500 अवशेषांच्या (साखळीतल्या अमिनो आम्लांच्या) या एन्झाइमच्या क्रमात सीबीएस नावाच्या डोमेनची (डोमेन म्हणजे प्रथिनातला स्वतंत्र भाग) जोडी घुसलेली असते, साधारण 120 अवशेषांची. उत्प्रेरणाचं काम मात्र बाकीच्या भागाचं. तुमच्या प्रथिनात नुसती ही जोडी असली, तरी ब्लास्टच्या यादीत हे एन्झाइम वर येऊ शकतं. ई-व्हॅल्यू (इतक्या चांगल्या जुळण्या योगायोगाने किती मिळतील तो आकडा) देखणी, क्यूकव्हस (जुळलेल्या भागाची टक्केवारी) 100, आणि नाव चिकटतं ‘डिहायड्रोजनेज’. क्यूकव्हस फक्त तुमच्या क्रमाचं मोजमाप देतं, समोरच्याचा किती भाग जुळला ते नाही. त्यासाठी टॅब्युलर आउटपुटमध्ये एसस्टार्ट, एसएन्ड आणि एसलेन (समोरच्या क्रमात जुळणी कुठे सुरू होते, कुठे संपते आणि त्याची एकूण लांबी) मागवून भागाकार स्वतःच करावा लागतो. दर वेळी, दर हिटला. शिवाय डेटाबेसमधली चुकीची नावं अशीच पुढे पसरत राहतात.

माझा कल पीफॅमकडे, म्हणजे डोमेन-कुटुंबांच्या डेटाबेसकडे, झुकला तो याच कटकटीमुळे. पीफॅममध्ये क्रम शोधणाऱ्या हम्मस्कॅन प्रोग्रामच्या डोमेन-तक्त्यात पीएफ00571 (सीबीएस) कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं, आणि पीएफ00478 (डिहायड्रोजनेजचा उत्प्रेरक भाग) नाही हेही लगेच कळतं. फक्त ई-व्हॅल्यूची मर्यादा मनाने ठरवू नका; कट-जीए पर्याय लावा. ई-व्हॅल्यू डेटाबेसच्या आकाराबरोबर हलते, तर जीए हा त्या-त्या कुटुंबासाठी ठरवलेला किमान बिट-स्कोअर (जुळणीचे गुण) आहे. नवी आवृत्ती उतरवल्यावर हम्मप्रेस (डेटाबेस शोधासाठी तयार करणारा आदेश) चालवायला विसरू नका, नाहीतर हम्मस्कॅन सुरूच होत नाही.

पीफॅमही डोळे झाकून घेण्यासारखं नाही. कायनेज (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमचं) डोमेन निष्क्रिय स्यूडोकायनेजमध्येही लागतं. अलाइनमेंटमध्ये एचआरडी आणि डीएफजी या तीन-तीन अवशेषांच्या खुणांमधले डी (अ‍ॅस्पार्टिक आम्ल) शाबूत आहेत का ते बघावंच लागतं. मोठ्या कुटुंबात नेमका सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) कोणता, हेही पीफॅम सांगत नाही. तिथे ब्लास्टचा जवळचा हिटच कामाला येतो.

ईएसएम-2 किंवा प्रॉटटी5 या प्रथिन-भाषा-मॉडेलांच्या एम्बेडिंगवरून (क्रमाच्या संख्यारूपावरून) दूरचं नातं कधीकधी छान सापडतं. पण निर्णय कोणत्या अवशेषांवरून झाला ते सहज दिसत नाही, म्हणून पीफॅममध्ये काहीच लागलं नाही किंवा नुसता डीयूएफ (काम माहीत नसलेलं डोमेन) लागला, तरच मी तिकडे वळतो.