दुसऱ्याच्या नावाची पूल क्यू: एक पावसाळा वापरल्यानंतर

आधी वस्तू सांगते. दोन तुकड्यांची पूल क्यू, म्हणजे पूलच्या टेबलवर चेंडू मारायची काठी; शाफ्ट (पुढचा निमुळता तुकडा) मेपलचा. लांबी ५८ इंच, वजन १९ औंस, टिप (टोकावरची चामड्याची चकती) १३ मिलिमीटरची, पकडीवर लिननच्या दोऱ्याचं वेष्टण, जॉइंट स्टीलचा. अवस्था बरी, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. आणि बटाच्या, म्हणजे मागच्या जाड तुकड्याच्या, अगदी मागच्या भागावर, रबरी बंपरच्या चार बोटं वर, इंग्रजी तिरप्या अक्षरांत कोरलेलं एका गृहस्थांचं नाव. आडनावासकट, ठसठशीत. त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही; आपण त्यांना फलाणेकर म्हणू. उन्हाळ्याच्या शेवटी क्यू घेतली, अख्खा पावसाळा तिच्यावर काढला, आता थंडी पडायला लागलीय. तेव्हा लाकूड काय काय करतं तेही बघून झालंय.

स्वतःची क्यू घेण्याचं कारण साधं. विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचा जन्मही पुण्यातलाच, १९८५ चा. एवढी पुण्याई असलेल्या शहरात, कोथरूडच्या आमच्या पार्लरमध्ये, रॅकमधली एक क्यू वाकडी, दुसरीची टिप गायब आणि जी सरळ आहे ती शेजारच्या टेबलवरच्या मुलांनी आधीच उचललेली. नवी चांगली क्यू परवडण्यासारखी नव्हती, म्हणून वापरलेली शोधायला लागले.

विक्रेते वानवडीचे. ते स्वतः फलाणेकर नव्हेत. त्यांनीही ती आणखी कुणाकडून घेतलेली. जाहिरातीतले सगळे फोटो अशा बेताने काढले होते की नाव खालच्या बाजूला जाईल. समोर आल्यावर बट हातात घेऊन फिरवला आणि नाव वर आलं. आठ हजार सांगितले होते. मी नावावर नुसतं बोट ठेवलं, तर गृहस्थ साडेपाचवर आले. पुण्यात कुणी इतक्या झटपट भाव उतरवल्याचं मला आठवत नाही. वर ‘मॅडम, एखादा स्टिकर लावून टाका’ हा सल्ला फुकट.

खरं तर दुसऱ्याच्या नावाची वस्तू वापरायचं आपल्याला वावडं नाही. माझ्या स्वयंपाकघरात ‘सप्रेम भेट’वाली स्टीलची पातेली आहेत, ज्यांच्यावरचे देणारे-घेणारे दोघेही आता घरात कुणाला आठवत नाहीत. त्यात आमटी करताना कुणी चौकशी करत नाही. क्यूची मात्र चौकशी होते. टेबलवर वाकलं की बटाचा मागचा भाग नेमका बघणाऱ्याच्या तोंडासमोर येतो. त्यातून मी बाई, म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला: ‘मिस्टरांची का?’ वयाने लहान मुलं ‘बाबांची का?’ विचारतात. हे माझंच नाव असेल आणि मी ते कोरून घेतलं असेल, अशी शंका आजवर एकालाही आलेली नाही. जुन्या इंग्लिश स्नूकर क्यूंवर जो डेव्हिससारख्या विजेत्यांच्या नावाचा बिल्ला असायचा. तशी क्यू घेऊन कुणी उभा राहिला तर ‘डेव्हिससाहेबांनी तुम्हाला कधी दिली?’ असं कुणी विचारत नाही. म्हणजे अडचण दुसऱ्याच्या नावाची नाही, अप्रसिद्ध माणसाच्या नावाची आहे. किंमतीचंही तेच. ब्रुकलिनमध्ये क्यू बनवणारा जॉर्ज बालाबुश्का १९७५ मध्ये गेला, त्याची सही असलेल्या अस्सल क्यूसाठी संग्राहक वाट्टेल ते मोजतात. बनवणाऱ्याचं नाव भाव चढवतं, वापरणाऱ्याचं उतरवतं. मला दुसरं सोयीचं पडलं.

पहिल्या महिन्यात माझंही डोकं नाव काढून टाकण्याकडेच होतं. त्यासाठी ते घातलंय कसं हे आधी बघावं लागतं. अक्षरावरून नख फिरवा. नख अडकलं नाही आणि अक्षरं वरच्या पारदर्शक थराखाली दिसली, तर नाव पॉलिशच्या आधी घातलेलं आहे, कोरून किंवा छापील चिकटवून. नख अडकलं तर तयार क्यूवर नंतर लेझर मारलाय. माझ्या क्यूवर नख अडकतं. म्हणजे फलाणेकरांनी ती आधी घेतली आणि मग कुठूनतरी नाव घालून घेतलं. कोरलेलं नाव नुसतं पॉलिश पेपर घासून जात नाही. बंपर काढायचा, बट लेथवर चढवायचा आणि अक्षरांची खोली संपेपर्यंत लाकूड उतरवायचं. पण तेवढाच भाग उतरवला तर तिथे खाच पडते, कारण शेजारच्या रिंगा आणि मागची टोपी सगळं एका पातळीत असतं. मग तेही उतरवा, उतार जुळवा, सीलर, वर पुन्हा क्लिअर कोट, घासणं, बफिंग. क्यूवरची नक्षी खरी जडवलेली नसून छापील असेल तर ती या उद्योगात पुसूनच जाते. काम जाणणाऱ्या एकाकडे विचारलं. त्याने जो आकडा सांगितला तो मी घासाघीस करून वाचवलेल्या अडीच हजारांच्या जवळपास जाणारा होता, आणि ‘जॉइंटची लाइन हलली तर मला बोलायचं नाही’ ही अट वेगळी. मी क्यू पिशवीत घालून घरी आले.

मधल्या काळात नावावर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळून पाहिली. दिसायला ठीक होतं, पण मागचा हात पुढच्या चेंडूपर्यंत ताणताना तिथे सरकला की जाड लागायचा, आणि जुलैत ती ग्रिप ओलसर राहून वास मारायला लागली. काढून टाकली. तेव्हापासून फलाणेकर उघडे आहेत.

आणि मग नावाचा उपयोग झाला. कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात मैत्रीण मेंबर आहे, तिच्याबरोबर पाहुणी म्हणून गेले होते. तिथल्या वयस्कर मार्करकाकांनी (मार्कर म्हणजे क्लबातली टेबलं सांभाळणारा) क्यू हातात घेतली, नाव वाचलं आणि म्हणाले, ‘ही फलाणेकरसाहेबांची. तुमच्याकडे कशी आली?’ मी वानवडीची हकिकत सांगितली. त्यांनी क्यू जॉइंटपाशी उघडली, दोन्ही तोंडं शेजारी धरली आणि म्हणाले, ‘पण हा शाफ्ट हिचा नाही. पहिला शाफ्ट साहेबांनी उन्हाळ्यात गाडीत ठेवला, तो वाकला. हा नंतर टाकलेला आहे. आणि वजनाचा स्क्रू पण काढायला लावला होता मला, त्यांना क्यू हलकी हवी असायची.’

वानवडीकरांनी ‘सगळं ओरिजिनल’ असं छातीठोक सांगितलं होतं. नीट पाहिलं तर बटाच्या जॉइंटला रुपेरी ठिपक्यांची रिंग आहे आणि शाफ्टची रिंग साधी काळी. हे मला घेतानाही दिसलं होतं, पण ते डिझाइनच असेल असं त्यांनी समजावलं होतं. जोरात मारल्यावर बटातून येणारी बारीक झणझण कुठून येते, तेही त्याच दिवशी कळलं. जड स्क्रू काढून हलका घातला होता, तो वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी सैल झाला होता. काकांनी बंपर काढून लांब ॲलन कीने तो आवळला. झणझण गेली. पुढे मी थोडा जड स्क्रू घातला. क्यू पुढच्या बाजूला झुकायची, ती आता मागच्या हातात बसते. हे सगळं त्या नावामुळे. बिननावाची हीच क्यू असती तर त्यांनी फक्त ‘छान आहे’ म्हणून परत दिली असती. सेकंडहँड स्कूटरला सर्व्हिस बुक असतं, क्यूला नसतं. जुना मालक सापडला तर तोच तिचा इतिहास.

(साहेब आता पुण्यात नाहीत असं काकांनी सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. क्यू चोरीची नाही एवढं मात्र पक्कं झालं, आणि नाव असलेली वस्तू घेताना ही खात्री करायलाच हवी. ‘हे कोण?’ या प्रश्नावर विक्रेता गडबडला तर मी तरी निघून येईन.)

घेताना मी काय पाहिलं ते सांगते, कारण नावाच्या चर्चेत लोक मुद्द्याचं विसरतात. खेळतो तो शाफ्ट, बट दिसायला. क्यू जोडून टेबलवर लोळवली आणि टोक उडालं की लोक ‘वाकडी’ म्हणून सोडून देतात. पण दोन्ही तुकडे वेगवेगळे सरळ असूनही जॉइंटची तोंडं घाण किंवा घासलेली असली तरी टोक उडतं. म्हणून आधी शाफ्ट एकटा लोळवायचा, मग बट एकटा, मग जोडून. लोळताना खालच्या फटीतला उजेड बघायचा. तो सारखा राहिला तर ठीक, उघडझाप करत असेल तर वाक आहे. त्यातही शाफ्टच्या टोकाकडचा किंचित वाक चालतो, मधला चालत नाही. फेरुलवर (टिपखालच्या कड्यावर) केसाएवढी चीर आहे का ते मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाहायचं. शाफ्टवरून बोटं फिरवून खोक शोधायचे. छोटे खोक ओल्या फडक्यावरून गरम चमचा टेकवला की बऱ्यापैकी वर येतात, दोरे तुटलेले खोल घाव येत नाहीत. टिप बघून भाव करू नये. ती तशीही बदलायचीच असते. मी बदलली, थरांची महागडी न घेता एल्क मास्टर नावाची साधी टिप लावली. ती मऊ असते, सुरुवातीला दबून फुगते, तेव्हा कडा कापून घ्याव्या लागतात. मग महिनोन्‌महिने त्रास नाही. व्हर्नियर असेल तर टोकाला शाफ्टची जाडी मोजा. आधीच्या मालकाने पॉलिश पेपर मारून मारून १३ चा १२ वर आणलेला असतो. वाईट नाही, पण कळलेलं बरं.

खेळण्याबद्दल. पार्लरच्या क्यू स्नूकरछाप, ॲशच्या, पितळी फेरुलच्या, साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपच्या होत्या. त्यांच्यावरून १३ वर आल्यावर पहिले काही आठवडे मला पांढऱ्या चेंडूवर नेमकं कुठे टेकवतेय तेच दिसेना. पूलचा बॉल स्नूकरच्या बॉलहून मोठा असतो, ५७ मिलिमीटरचा, त्याला ही जाडी शोभते. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो इतकंच. सरळ मारताना ही क्यू पार्लरच्या कुठल्याही क्यूपेक्षा बिनचूक आहे. साइड लावली, म्हणजे पांढऱ्याला फिरकी द्यायला मधोमध न मारता बाजूला मारलं, की मात्र जुन्या पद्धतीचा भरीव मेपल आपला स्वभाव दाखवतो: पांढरा उलट्या दिशेला ढकलला जातो आणि निशाण त्या मानाने सरकवून घ्यावं लागतं. लो-डिफ्लेक्शन शाफ्टवर हे कमी होतं, पण तसा नवा शाफ्ट माझ्या अख्ख्या क्यूपेक्षा महाग आहे. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार फटका, मी हिने करत नाही. त्यासाठी पार्लरची जाडजूड क्यू आहे, तिचं काय व्हायचं ते होऊ दे.

पावसाळ्यात शाफ्ट चिकट होतो. बोटांतून सरकेनासा झाला की लोक पावडर थापतात आणि टेबल पांढरं करतात. मी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने घासते, तेवढं पुरतं. जॉइंट भिजू नये म्हणून दोन्ही तोंडांना टोप्या घेतल्या. भिंतीला टेकवून ठेवत नाही, आणि फलाणेकरांच्या पहिल्या शाफ्टची गोष्ट ऐकल्यापासून बंद गाडीत तर मुळीच नाही. कडक नळीची केस ॲक्टिव्हाच्या पुढे उभी राहते. सिग्नलला एकदा कुणीतरी ‘बासरी का?’ असं विचारलं. एवढ्या पावसानंतर शाफ्ट लोळवला तर टोकाला अगदी किंचित वाक आलाय. जॉइंट आणि बट जसेच्या तसे आहेत.

कुणी घेऊ नये? भेट द्यायची असेल तर अजिबात नको. स्पर्धेत खेळणाऱ्या, थोड्या संकोची माणसानेही विचार करावा, कारण प्रत्येक मॅचला तोच प्रश्न येतो. आणि वर्षभरात विकून दुसरी घ्यायची असेल तर लक्षात ठेवा, जो भाव तुम्ही नावामुळे पाडलात तोच पुढचा तुमच्यासमोर पाडणार. मला एकाने चार हजारांना मागितली, ‘नाव काढून दिलंत तर सहा’ असंही म्हणाला. लेथवाल्याचा आकडा ठाऊक असल्यामुळे मी हसून सोडून दिलं.

सध्या मी जोडीला दुसरा शाफ्ट शोधतेय. जॉइंटचा आटा ५/१६ बाय १४ आहे, म्हणजे ५/१६ इंच जाडीचा आणि इंचाला १४ फेऱ्यांचा; ५/१६ बाय १८ वालेही ‘बसेल की’ म्हणून दाखवतात, तो बसत नाही, जबरदस्तीने फिरवला तर आटा खराब होतो. विकणाऱ्याला मी आता घरी बोलवत नाही, थेट टेबलवर भेटते.